कॉलेज पूर्णवेळ, नोकरी अर्धवेळ: आधी वेळापत्रक, मग पगार

पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी हिंजवडीतली ९,००० रुपयांची नोकरी सोडून सदाशिव पेठेतल्या एका झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानात ६,००० रुपयांवर उभा राहिलो. रूमवरच्या पोरांनी मला वेड्यात काढलं. गावी करमाळ्याकडे वडिलांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तीन हजार कमी म्हणजे चांगली नोकरी?"

त्यांना जो हिशोब सांगितला, तोच आधी इथे मांडतो.

हिंजवडीचं काम रोज पाच तासांचं, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे १३० तास. नारायण पेठेतल्या रूमवरून जायला एक तास आणि यायला एक तास, त्याचे महिन्याला ५२. एकूण १८२ तास. बस, शेअर रिक्षा आणि मेस बंद झाल्यावर रात्री बाहेर खाणं यात १,५०० जायचे. हातात ७,५०० उरायचे. भागाकार केला की तासाला ४१ रुपये पडतात. दुकानाचं काम साडेतीन तासांचं, म्हणजे महिन्याला ९१ तास. चालत जाणं-येणं धरून १००. खर्च शून्य, कारण नऊला दुकान बंद झालं की मेस उघडी सापडायची. तासाला ६० रुपये. शिवाय महिन्याला ८२ तास परत मिळाले, आणि त्यातच मी केमिस्ट्रीत पास झालो.

तुमच्यासमोर दोन कामं असतील तर पगाराचे आकडे शेजारी शेजारी ठेवू नका. घरातून पाऊल बाहेर पडल्यापासून परत चप्पल काढेपर्यंतचे सगळे तास मोजा, खर्च वजा करा, मग भागा. कागदावर दहा मिनिटं लागतात.

नोकरी शोधण्याआधी: अर्ज भरलेत का?

हे आधी सांगतो, कारण बरीच मुलं उलटं करतात. काम शोधायला महिनाभर फिरतात आणि महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज शेवटच्या तारखेला सायबर कॅफेत भरतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना. यातलं आपल्याला काय लागू होतं ते प्रवेश घेतल्या आठवड्यात कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा. २०२४ पासून ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तरी एजंटला पैसे देऊन बसलेल्या मुली भेटतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला गावाहून निघतानाच काढून आणा. नंतर त्याच एका कागदासाठी एसटीच्या दोन फेऱ्या होतात.

शिष्यवृत्ती फीच्या तारखेला खात्यात येईल, असं मात्र धरून चालू नका. नोकरी धरण्याआधी योजनेच्या अटी वाचा. हजेरी, उत्पन्न आणि विद्यार्थ्याने नोकरीत असणं या तिन्हींबद्दल काय लिहिलंय ते बघा आणि शंका असेल तर कार्यालयातच विचारा.

दुसरी चौकशी 'कमवा आणि शिका'ची. ही योजना आपल्याकडे पोटातून आलेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, तेही मुलांनी श्रम करावेत आणि शिकावं याच पायावर. आज पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत ही योजना चालते. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयातलं टपाल, बागेचं काम असे दिवसाचे काही तास आणि तासाप्रमाणे मानधन. पैसे थोडे मिळतात. पण काम कॅम्पसमध्येच, प्रवास शून्य, आणि परीक्षा आली की काम देणाऱ्यालाही ती माहीत असते. वर दिलेला भागाकार करून पाहा, हे 'थोडे पैसे' बऱ्याचदा बाहेरच्या कामाला मागे टाकतात. कॉलेजातल्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना सत्र सुरू होताच भेटा, जागा मोजक्या असतात.

आठवड्याचे १६८ तास

एक आडवा कागद घ्या आणि आठवडा मांडा. माझा असा होता:

- झोप, रोज सात तास: ४९
- तासिका आणि प्रॅक्टिकल: ३०
- कॉलेजला जाणं-येणं: ६
- अंघोळ, जेवण, कपडे धुणं, पाण्याची बादली भरणं, मेसची रांग: २१
- स्वतःचा अभ्यास: १५

बेरीज १२१. उरले ४७. इथेच फसगत होते. ४७ तास रिकामे दिसतात म्हणून ४० तासांचं काम घेतलं जातं. पण त्या ४७ मध्ये ताप आहे, गावाकडचं लग्न आहे, बँकेतली केवायसी आहे, मित्राला दवाखान्यात नेणं आहे आणि नुसतं कट्ट्यावर बसणंही आहे. निम्मे तास हात न लावता ठेवा. म्हणजे कामाला आठवड्याला २० ते २४ तास. त्यापुढे गेलात की तास झोपेतून कापले जातात, आणि झोपेतून कापलेला तास सकाळच्या पहिल्या लेक्चरला वसूल होतो.

झोपेला या कागदावर सगळ्यात आधी लिहा, शेवटी उरेल ती नव्हे. हिंजवडीच्या काळात मी रात्री बाराला रूमवर पोचायचो आणि साडेसातला प्रॅक्टिकलला उभा असायचो. टायट्रेशन करताना रंग बदललेला मला दिसायचाच नाही. शेजारचा पोरगा कोपर मारायचा, तोवर ब्युरेट निम्मी रिकामी. त्या सत्रात फिजिकल केमिस्ट्रीची एटीकेटी लागली, म्हणजे नापास झालेला विषय मागे ठेवून पुढे जायचं. ते ऑफिस वाईट नव्हतं. माझ्या वेळापत्रकात ते बसत नव्हतं, एवढंच.

हजेरीचा खजिना जपून वापरा

७५ टक्के हजेरीची अट सगळ्यांना माहीत असते, पण तिचा हिशोब कुणी करत नाही. सत्रात ९० दिवस शिकवणं झालं असं धरा. मग गैरहजर राहायला मिळतात २२ दिवस. दिवाळीला गावी जाताना पुढे-मागे जोडलेल्या सुट्ट्या, आजारपण, घरचं कार्य यात दहा-बारा सहज जातात. उरलेले दहा ही तुमची खरी शिल्लक. कामासाठी त्यातला एकही दिवस द्यायचा नाही, असं ठरवूनच सुरुवात करा.

प्रॅक्टिकलचं गणित तर फारच कडक आहे. आठवड्याला एक म्हटलं तर सत्रात साधारण १५ होतात. चार बुडाली की ११ उरली, म्हणजे ७३ टक्के. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, टर्म ग्रँटसाठी, म्हणजे सत्र पूर्ण धरलं जावं म्हणून सरांच्या केबिनबाहेर फेऱ्या, आणि जर्नलवर सही मिळेना. अंतर्गत गुणांचंही तसंच. चाचणी, असाइनमेंट, सेमिनार यांचे गुण लेखी परीक्षेच्या आधीच हातात येतात. नोकरी करणाऱ्या मुलाने ते आधी गोळा करावेत, कारण शेवटच्या आठवड्यात रात्र जागून पेपर काढण्याची चैन त्याला परवडत नाही.

कुठलं काम

माझी मतं सांगतो, पटतील तेवढी घ्या.

*घरगुती शिकवण्या.* दहावीपर्यंतचं गणित-विज्ञान शिकवता येत असेल तर याच्यासारखं काम नाही. तासाचा दर बरा, वेळ ठरलेली, आणि आपलाही पाया पक्का होतो. अडचण एकच: मुलाची सहामाही आणि तुमची परीक्षा जवळजवळ येतात. पहिल्या भेटीतच पालकांना सांगून ठेवा. फी महिन्याच्या सुरुवातीला मागायला लाजू नका. "देऊ हो, कुठे पळून चाललोय" हे वाक्य मी तीन महिने ऐकलंय.

*मेसमध्ये वाढपी.* याला कुणी नोकरी म्हणत नाही, पण दोन वेळचं जेवण सुटतं आणि वर थोडे पैसे. पुण्यात एके काळी मुलं वार लावून जेवत, माधुकरी मागत. त्या मानाने हे कष्टाचं आणि ताठ मानेचं आहे. रविवारी दुपारची फीस्ट वाढून झाली की संध्याकाळी मेस बंद, म्हणजे आठवड्याची एक संध्याकाळ आपोआप मोकळी. गावाहून आल्या दिवसापासून ज्याला पैशांची नड आहे, त्याने इथून सुरुवात करावी.

*झेरॉक्स, मेडिकल, पुस्तकांचं दुकान, अभ्यासिकेची देखरेख.* कॉलेजपासून चालत जाता येईल असं बघा. "गिऱ्हाईक नसेल तेव्हा अभ्यास करू" या भरवशावर मात्र राहू नका. दर चार मिनिटांनी "दादा, दोन्ही बाजूंनी काढा" ऐकत थर्मोडायनॅमिक्स समजत नाही. काउंटरवर होतं ते हातचं काम: जर्नल पूर्ण करणं, आकृत्यांना नावं देणं, व्याख्या लिहून काढणं. तेवढंच काउंटरसाठी बाजूला काढा. अभ्यासिकेचं काम मिळालं तर सोडू नका, तिथे शांतता ही नोकरीचीच अट असते.

*डिलिव्हरी.* वेळ आपल्या हातात, असं सांगतात. पण जेवणाच्या ऑर्डरी येतात त्या जेवणाच्या वेळीच, आणि इन्सेंटिव्ह रात्रीच्या गर्दीला बांधलेले असतात. पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग, पावसातली घसरण हे सगळं आपल्या अंगावर. पहिल्या वर्षाला नकोच. पुढे केलंत तर अपघात विमा कोणाचा, किती, हे आधी वाचा, आणि दर महिन्याला गाडीच्या नावाने वेगळे पैसे बाजूला टाका.

*रात्रपाळीचं कॉल सेंटर.* पगार सगळ्यात जास्त, आणि पूर्णवेळ कॉलेजसोबत सगळ्यात वाईट. ज्यांनी केलं त्यातले निम्मे कॉलेजात नुसते नावाला उरले. ते करायचंच असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घ्या आणि नोकरी सरळ पूर्णवेळ करा. त्यात कमीपणा काही नाही.

बी.कॉम., बी.ए.ची बरीच कॉलेजं सकाळच्या सत्रात भरतात आणि दुपारी मोकळी होतात, त्यामुळे त्यांना सी.ए.च्या ऑफिसात किंवा कर सल्लागाराकडे अर्धवेळ काम जमतं. सायन्स आणि इंजिनिअरिंगवाल्यांनी प्रॅक्टिकलची बॅच कळेपर्यंत कुणालाच शब्द देऊ नये. नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगचे श्रेयांकही आहेत. आपलं काम विषयाशी जुळत असेल तर ते त्यात धरता येईल का, हे विभागप्रमुखांना काम सुरू करण्यापूर्वी विचारा.

पैसे मागणारी नोकरी ही नोकरी नव्हे

रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, डिपॉझिट, लॅपटॉपचं भाडं. यातला एकही शब्द आला की तिथून उठा. घरबसल्या डेटा एन्ट्रीच्या नावाखाली करारावर सही घेतात, मग "चुका जास्त झाल्या" म्हणून दंड मागतात आणि वकिलाच्या नोटिशीचं खोटं पत्र पाठवतात. घाबरून पैसे भरलेली मुलं मला माहीत आहेत. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे पैसे देणारे आधी दोनशे-तीनशे देतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात. आणि कुणी "तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो" म्हणालं तर ती कमाई नसते. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. फसलातच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कुठल्याही मालकाकडे ठेवायचा नाही. झेरॉक्स द्या, आणि तिच्यावर कशासाठी दिली ते लिहून सही करा.

मालकाशी बोलणं

सगळ्यात जास्त मुलं इथे चुकतात. काम हातचं जाईल या भीतीने "हो, येईन की" म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी फोन बंद करून ठेवतात. मालकाला सुट्टीचा राग येत नाही, ऐनवेळी दुकान अडतं याचा येतो. मी दुकानात पहिल्या दिवशी साधारण असं बोललो होतो:

"काका, मी साडेपाच ते नऊ येईन. बुधवारी प्रॅक्टिकल असतं, त्या दिवशी सहा वाजतील. दर सत्राला आमचं वेळापत्रक बदलतं, ते लागलं की त्याच दिवशी तुम्हाला दाखवीन. परीक्षेआधी आठ दिवस आणि परीक्षा संपेपर्यंत मी येणार नाही, तेवढा पगार कापा. पण जूनमध्ये शाळा उघडताना वह्यांची गर्दी असते ना, तेव्हा आम्हाला सुट्टी असते. तेव्हा मी दिवसभर उभा राहीन."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यासमोर टाकलं. "लिही तारखा." तेव्हापासून माझ्या चाचण्या, सबमिशन, परीक्षा सगळं त्या कालनिर्णयवर लाल पेनने लिहिलेलं असायचं, एकादशी आणि दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. बुधवारी मी सहाच्या आधी पोचलो तर काकाच विचारायचे, "प्रॅक्टिकल बुडवलंस का रे?"

या बोलण्यातली युक्ती एवढीच की मागताना काहीतरी द्या, आणि तुम्हाला जे सोपं आहे ते द्या. दिवाळीच्या आसपास दुकानांची गर्दी आणि हिवाळी परीक्षा एकमेकींच्या अंगावर येतात. हा तिढा ऑक्टोबरमध्ये नव्हे, कामाला लागतानाच सोडवायचा असतो. तोंडी ठरलं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका: "काका, ठरल्याप्रमाणे ६,००० रुपये, ५.३० ते ९, रविवार सुट्टी, पगार ५ तारखेला." समोरून अंगठा आला तरी पुरे. पुढे कधी पगार अडकला तर हाच तुमचा कागद.

कॉलेजातही एका शिक्षकांना सांगून ठेवा. सवलत मागायला नव्हे, माहिती म्हणून. "सर, मी संध्याकाळी काम करतो. जादा तास सहानंतर असेल तर आदल्या दिवशी कळलं तर बरं होईल." माझ्या सरांनी जादा तास दुपारीच लावले, आणि मग कळलं की वर्गातली आणखी सहा जणं कामाला जात होती.

अभ्यास कधी

पंधरा तास कागदावर लिहिणं सोपं असतं. माझे असे निघायचे: सकाळी साडेपाच ते सात, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे साडेसात. दुपारी लेक्चर आणि दुकान यांच्या मधल्या फटीत ग्रंथालयात अडीच-तीन. बाकीचे रविवारी सकाळी. रात्री कामावरून आल्यावर मी वही उघडायचोच नाही. दीड तास बसून चार पानं व्हायची आणि सकाळी ती परत वाचावी लागायची.

अवघड विषय सकाळी, पाठांतर फटीत, लिखाण काउंटरवर, अशी वाटणी जमली की ओझं निम्मं होतं. ज्या दिवशी तास झाला त्याच दिवशी वीस मिनिटं वही बघा, मग तो धडा परीक्षेपर्यंत ओळखीचा राहतो. जर्नल त्याच आठवड्यात सही करून घ्या. आणि मागच्या पाच परीक्षांच्या प्रश्नपत्रिका सत्राच्या सुरुवातीलाच मिळवा. ज्याच्याकडे वेळ कमी त्याला काय सोडायचं हे आधी कळायला हवं.

पगार आला

पहिल्या पगाराचे पेढे वाटून झाले की तीन वाटे करा: रूम-मेस, पुढची फी आणि अडीनडी. फीचे पैसे पोस्टात किंवा बँकेत आवर्त ठेवीत टाका, म्हणजे सहज काढायचा मोह होत नाही. घरी पैसे पाठवायचे असतील तर रक्कम सुरुवातीला कमीच सांगा. एकदा ४,००० पाठवले की पुढच्या महिन्यात परीक्षेमुळे पगार कापला गेला तरी घरचे ४,००० धरूनच बसलेले असतात, आणि मग मुलगा परीक्षेत कामावर जातो. मी गेलोय.

मोठ्या साखळी दुकानात लागलात तर पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो. त्याचा यूएएन क्रमांक लिहून ठेवा, पुढच्या नोकरीत तोच चालतो. महाराष्ट्रात ७,५०० रुपयांपुढच्या पगारावर पुरुषांना व्यवसाय कर लागतो, महिलांना २५,००० पर्यंत नाही. मानधनातून आधीच कर (टीडीएस) कापला असेल आणि वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात. हजार-दोन हजार असतात म्हणून मुलं सोडून देतात. तेवढ्यात एका सत्राच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो.

सोडायचं कधी

हे काम धरतानाच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, कारण दमल्यावर माणूस नीट ठरवू शकत नाही. माझ्या तीन ओळी होत्या. सलग दोन आठवडे सहा तासांच्या खाली झोप. एका प्रॅक्टिकलची तीन गैरहजेरी. चाचणीत दोन विषयांत नापास. यातलं एक झालं तर तास कमी करून मागायचे, दोन झाली तर काम सोडायचं. दुसऱ्या वर्षी एकदा पहिली ओळ लागू झाली. काकांना सांगितलं, महिनाभर आठला सुटलो, पगार तेवढा कमी घेतला.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट आणि कॅम्पसच्या मुलाखती सुरू होण्याआधी मोकळं व्हावं, असं माझं मत. सोडताना पंधरा दिवस आधी सांगा. दुकान छोटं असलं तरी अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, शिक्का मारून, तारखांसह घ्या. मुलाखतीत "शिकत शिकत काम केलं" हे कागदावर दिसलं की समोरचा चार प्रश्न त्यावरच विचारतो, आणि त्यांची उत्तरं आपल्याला पाठ करावी लागत नाहीत.

आणि जमलं तर आपल्या जागी कुणाला तरी बसवून जा. मी आमच्याच तालुक्यातल्या, एफ.वाय.च्या एका मुलाला घेऊन गेलो. कागद अडकला की मशीनचं कुठलं झाकण उघडायचं ते त्याला दाखवलं. मग कालनिर्णय खाली काढून त्याच्या प्रॅक्टिकलचा वार विचारला. शुक्रवार होता. लाल पेन त्याच्या हातात दिला.